ऑगस्टीन कोनिशी युकिनागा : जपानचा दर्यावर्दी सरदार

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या हिदेयोशीने ही शिक्षा फर्मावली, त्याच्याच सेवेत तेव्हा एक ख्रिस्ती सरदार मोठ्या हुद्द्यावर होता. त्याचे नाव कोनिशी युकिनागा. बाप्तिस्म्याचे नाव ऑगस्टीन.

युकिनागा जन्माने सरदार नव्हता. साकाई बंदरातील औषधांच्या व्यापाऱ्याचा तो मुलगा. वडीलही ख्रिस्ती. जहाजांची जाण पाहून हिदेयोशीने त्याच्याकडे आरमार सोपवले आणि १५८८ साली अर्धा हिगो प्रांत बहाल केला. त्याच्या आदल्याच वर्षी मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम निघाला होता. श्रद्धा सोडण्यास नकार दिल्याने ताकायामा उकोन (२०१७ साली धन्य घोषित) यांची जहागीर गेली. युकिनागाने त्यांना आपल्या शोदो बेटावर आसरा दिला; पण स्वतः उघड विरोध केला नाही, आपले पद राखले.

१५९२ साली कोरियावर स्वारी झाली. युकिनागाची तुकडी सर्वांत आधी बुसानला उतरली आणि तीन आठवड्यांत राजधानी सोलमध्ये शिरली. या लढाईत निरपराध कोरियन जनतेचे अतोनात हाल झाले. इथे त्याचे गुणगान करता येणार नाही. पुढे तहासाठी मात्र तोच सर्वांत जास्त धडपडला. १५९३ च्या अखेरीस त्याच्या छावणीतील ख्रिस्ती सैनिकांसाठी येशूसंघीय फादर ग्रेगोरियो दे सेस्पेदेस कोरियात आले. तेथून आणलेली एक अनाथ मुलगी त्याच्या घरी वाढली. बाप्तिस्म्यानंतर ती जुलिया झाली.

हिदेयोशीच्या मृत्यूनंतर १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत युकिनागाची बाजू हरली. तो डोंगरात लपला. हरलेल्या सामुराईने स्वतःचे पोट चिरून घ्यायचे, ही तेथील रीत. तसे केले असते तर मान राहिला असता. पण आत्महत्या ख्रिस्ती माणसाला वर्ज्य, म्हणून त्याने स्वतःला शत्रूच्या हवाली केले. पापनिवेदनासाठी त्याने धर्मगुरू मागितला, तो मिळाला नाही. ६ नोव्हेंबर रोजी क्योतो येथे त्याचा शिरच्छेद झाला. बौद्ध भिक्षूची प्रार्थना नाकारून, प्रभू येशू आणि पवित्र मरियेचे चित्र मस्तकी लावून तो मरणाला सामोरा गेला.

त्याची मुलगी मारिया त्सुशिमाच्या सरदाराला दिली होती. पराभूताची लेक म्हणून नवऱ्याने तिला टाकले. जुलिया विजेत्या इयेयासूच्या वाड्यात दासी झाली. श्रद्धा सोडत नाही म्हणून १६१२ साली त्याने तिला दूरच्या बेटावर हद्दपार केले.