पक्ष्यांचे राखणदार रिचर्ड हेन्री

गुरुजींनी आम्हांला थोर माणसांची माहिती लिहून आणायला सांगितली. मी रिचर्ड हेन्री यांची माहिती लिहिली आहे.

रिचर्ड हेन्री यांचा जन्म १८४५ साली आयर्लंड देशात झाला. लहानपणी ते ऑस्ट्रेलियाला गेले. मोठेपणी ते न्यूझीलंडमध्ये राहिले. न्यूझीलंड म्हणजे समुद्रातली बेटे. तिथे काकापो नावाचा हिरवा पोपट असतो. तो खूप जड असतो. त्याला उडता येत नाही. तो रात्री चालत फिरतो.

तिथे ससे फार वाढले आणि मेंढ्यांचे गवत खाऊ लागले. म्हणून लोकांनी स्टोट नावाचा प्राणी बाहेरून आणून सोडला. तो आपल्या मुंगसासारखा दिसतो. पण तो काकापोच मारू लागला. आमच्या कोंबडीची पिल्ले मुंगसाने नेली तेव्हा मी रात्री जेवले नव्हते. म्हणून मला काकापोचं लई वाईट वाटलं.

१८९४ साली सरकारने हेन्री यांना रेझोल्यूशन बेटाचे राखणदार नेमले. ते कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधत, म्हणजे तो पक्ष्याला चावत नसे. कुत्रा वासावरून पक्षी हुडकून काढी. मग हेन्री पक्षी होडीत घालून, वल्ही मारत बेटावर नेऊन सोडत. पाऊस असो, थंडी असो. असे त्यांनी काकापो आणि किवी मिळून शेकडो पक्षी नेले.

पण १९०० साली स्टोट पोहत बेटावर आला. सगळी मेहनत वाया गेली. तरी हेन्री १९०८ पर्यंत तिथेच राहिले. काकापो दरवर्षी अंडी घालत नाही, हे त्यांनी नीट पाहून लिहून ठेवले. १९०३ साली त्यांचे पुस्तक निघाले. ते १९२९ साली वारले. तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला फारसे कोणी नव्हते.

पुढे शास्त्रज्ञांना त्यांच्या लिखाणाचा उपयोग झाला. १९७५ साली शास्त्रज्ञांना एक नर काकापो सापडला. त्याचे नाव त्यांनी रिचर्ड हेन्री ठेवले. त्याला पिल्लेही झाली. १९९५ साली काकापो फक्त ५१ उरले होते. स्टोट नसलेल्या बेटांवर ठेवल्यामुळे २०२२ साली ते २५२ झाले.

मला वाटतं, हेन्री हरले नाहीत. त्यांचं काम उशिरा फळाला आलं एवढंच. आता मी रोज संध्याकाळी कोंबडीची पिल्ले मोजून डालग्याखाली झाकते.