फ्लॉरेन्सची ठेव

इटली देशात तस्कनी नावाचा एक रमणीय प्रांत आहे. द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हच्या बागा यांनी तेथील टेकड्या शोभून दिसतात. या टेकड्यांच्या कुशीत, आर्नो नदीच्या काठी फ्लॉरेन्स हे नगर वसले आहे. तेथील उफिझी कलासंग्रहालय पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी लोटतात. तो संग्रह त्या नगरात टिकून राहिला, याचे मोठे श्रेय एका स्त्रीकडे जाते. तिचे नाव आना मारिया लुईसा.

त्या काळी तस्कनीवर मेदिची घराण्याचे राज्य होते. तेथील अधिपतीस ग्रँड ड्यूक म्हणत. उफिझीची इमारत १५६० साली बांधावयास घेतली, ती सरकारी कचेऱ्यांसाठी. परंतु पुढे तिच्या वरच्या मजल्यावर चित्रे व शिल्पे मांडण्यात आली. बोत्तिचेल्ली, राफाएल, मायकेलअँजेलो अशा थोर कलावंतांच्या कृती मेदिचींनी पिढ्यान्‌पिढ्या जमविल्या.

या घराण्यात ११ ऑगस्ट १६६७ रोजी आनाचा जन्म झाला. ती आठ वर्षांचीही झाली नव्हती, तोच तिची आई पतीशी न पटल्यामुळे फ्रान्सला निघून गेली. आनाला आजीने वाढविले. ही आजी ऊर्बिनो येथील ड्यूकच्या घराण्यातील शेवटची वारस होती. ते घराणे संपले, तेव्हा त्यांच्या राजवाड्यातील अनेक उत्तमोत्तम चित्रे आजीचा वारसा म्हणून फ्लॉरेन्सला आली. राजवंश खुंटला की त्याची कलासंपत्ती परमुलखी कशी जाते, याचे उदाहरण आनाच्या घरातच होते.

१६९१ मध्ये जर्मनीतील एका राजाशी तिचा विवाह झाला व ती ड्युसेलडॉर्फ येथे राहू लागली. १७१६ मध्ये तिला वैधव्य आले. पुढच्याच वर्षी ती माहेरी परतली. तिला मूलबाळ नव्हते. तिचे दोन्ही भाऊही निःसंतान वारले. धाकटा भाऊ १७३७ च्या जुलैमध्ये निवर्तला आणि मेदिचींची सत्ता संपली. युरोपातील बलाढ्य सत्तांनी तस्कनीचे राज्य लोरेनच्या फ्रान्सिसला देण्याचे आधीच ठरविले होते. आनाच्या हाती राज्य आले नाही. मात्र घराण्याच्या कलासंग्रहावर तिचा हक्क होता.

त्या हक्काचा तिने फार शहाणपणाने उपयोग केला. ३१ ऑक्टोबर १७३७ रोजी तिने नव्या राजवंशाशी करार केला. सारा संग्रह तिने त्यांना देऊ केला, पण एका अटीवर. त्यातील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यावयाची नाही! हा संग्रह राज्याची शोभा वाढवील, लोकांच्या उपयोगी पडेल व परदेशी प्रवाशांना ओढून आणील, असा हेतू तिने त्यात नमूद करविला.

१७४३ मध्ये आनाचे निधन झाले. काही मौल्यवान हिरे व दागिने व्हिएन्नाला गेले; परंतु चित्रे व शिल्पे बहुतांशी फ्लॉरेन्समध्येच राहिली. १७६९ मध्ये, फ्रान्सिसच्या मुलाच्या कारकिर्दीत, उफिझीचे दरवाजे लोकांस खुले झाले.

मेदिचींचे राज्य लयास गेले. पण घराण्याची ठेव आनाने साऱ्या नगराची ठेव केली. मुलांनो, तलवारीने राज्ये राखणारे पुष्कळ झाले. लेखणीने एका नगराचे वैभव राखणारी ही स्त्री आपण विसरू नये.