लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

बटण दाबताच आपल्या घरातला पंखा फिरू लागतो. पंखा फिरविणारी मोटार आणि तिला वीज पुरविणारे जनित्र, या दोहोंच्या मुळाशी ज्या एका माणसाचे प्रयोग आहेत, त्याने कॉलेजचे तोंडही पाहिले नव्हते.

मायकेल फॅरडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. वडील सतत आजारी. 1801 साली महागाई झाली तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. तोच पुरवून खावा लागे. जेमतेम लिहिणे, वाचणे आणि हिशेब एवढे झाले आणि शाळा सुटली. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. पोराचा प्रामाणिकपणा पाहून मालकाने पुढे सात वर्षे त्याला पुस्तकबांधणीचे काम शिकविले व त्याची फीही घेतली नाही.

बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल वाचू लागला. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याने वाचला. रसायनशास्त्राची गोडी त्याला एका सोप्या पुस्तकाने लावली. ते जेन मार्सेट या बाईंनी लिहिले होते, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे. मात्र वाचलेले पडताळून पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होत नसे. जुन्या बाटल्या आणि लाकूड जमवून त्याने घर्षणाने विद्युतभार निर्माण करणारे यंत्र बनविले. 1812 च्या जुलैत त्याने जस्ताच्या सात चकत्या, अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे यांची चळत रचून बॅटरी तयार केली. प्रयोगशाळा नव्हती, पण जिज्ञासा होती.

शहरात विज्ञानावर व्याख्याने होत. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग लागे. तो शिलिंग मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. रॉबर्टही लोहारच होता. 1810 साली वडील वारले, तरी धाकट्या भावाचे शिकणे त्याने थांबू दिले नाही.

पुढे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने ती उतरून घेतली, आकृत्या काढल्या, सुमारे तीनशे पाने स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. त्याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राला उत्तरसुद्धा आले नव्हते. डेव्हींनीही प्रथम पुस्तकबांधणीच सांभाळण्याचा सल्ला दिला. पण मार्च 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची जागा रिकामी होताच त्यांनी मायकेलला बोलावले. पगार आठवड्याला 25 शिलिंग आणि राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

1821 साली फॅरडे यांनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली. विद्युत मोटारीची ती सुरुवात होती. विजेपासून चुंबकत्व मिळते, मग चुंबकापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न त्यांना अनेक वर्षे छळत होता. 17 ऑक्टोबर 1831 रोजी तारेच्या वेटोळ्यात त्यांनी लोहचुंबकाची कांडी झटकन सरकविली. वीजमापकाचा काटा हलला. कांडी आत स्थिर राहताच काटा परत जागेवर आला. बाहेर काढताना तो उलट बाजूला हलला. चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, हालचाल हवी, हे रहस्य उलगडले. आपल्या कोयनेची जनित्रेही याच तत्त्वावर चालतात.

फॅरडे यांना उच्च गणित येत नव्हते. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले. धर्मनिष्ठ व साधे फॅरडे यांनी सर ही पदवी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही. मुलांसाठी मात्र ते नाताळात आवर्जून व्याख्याने देत. 25 ऑगस्ट 1867 रोजी ते निवर्तले.

पालकहो, इल्म हासिल करणे आपण फर्ज मानतो. घरची ओढाताण असेल, तर मूल कामाला लावण्याचा विचार मनात येतो. अशा वेळी रॉबर्टचा तो शिलिंग आठवावा. फॅरडे यांची बुद्धी ही अल्लाहची देणगी होती. पण तो शिलिंग एका कष्टकरी भावाने आपल्या कमाईतून दिला होता. तेवढे तर आपल्याही हातात आहे.