मिशीवाली आई

आपल्या बालवाडीत पाटीवर अक्षरे का गिरवून घेत नाही, असे पुष्कळ भगिनी मला विचारतात. त्यांना मी गिजुभाई बधेकांची हकीकत सांगते.

सौराष्ट्रात १८८५ साली जन्मलेले हे गृहस्थ पेशाने वकील. १९१३ साली मुलगा झाला, आणि त्याच्या शिक्षणाच्या काळजीने ते माँटेसरीबाईंच्या विचारांकडे वळले. वकिली सुटली ती सुटलीच! १९२० साली भावनगरला त्यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर उघडले. या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविते. अक्षर आधी बोटाला कळते. गिजुभाईंनी त्यात गोष्टींची भर घातली. ऐकलेल्या गोष्टीचे मुलांनी लगेच नाटक करावयाचे, पाठांतराची सक्ती नाही. मग तीच गोष्ट पुस्तकात शोधावीशी वाटते, आणि वाचन मागून आपोआप येते. छडी त्यांना मुळीच खपत नसे. मिशा भरघोस, म्हणून लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’ म्हणत.

आपल्या ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्याबरोबरच काम करीत होत्या. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला हे काम नेले. गिजुभाई मात्र १९३९ सालीच गेले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ मंडळाच्या कपाटात आहे. भगिनींनो, ते आधी वाचा आणि मग पाटीवरून माझ्याशी खुशाल भांडा.