कोल्हापूरचा कारागीर : कलामहर्षी बाबूराव पेंटर

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आमच्या नाट्यमंडळाच्या खोलीत कागदाचा लगदा, बांबूच्या कामट्या आणि रंगांचे डबे यांचे राज्य सुरू होते. यंदा कीचकवधाचा प्रवेश बसवायचा ठरला आहे. म्हणजे भीमाची गदा आली, विराटाचा मुकुट आला, राजवाड्याचे खांब आले. हे सारे रंगवायला या वेळी एअरब्रश घ्यायचा आहे. कोणता घ्यावा, यावर मात आमचे एकमत काही होईना.

वादाला कारणही तसेच होते. गेल्या वर्षी वर्गणी काढून आम्ही असाच एक संच मागवला होता. स्वस्त होता, दिसायला देखणा होता. दुसऱ्याच दिवशी सोनेरी रंगाने त्याचे तोंड बुजले. उघडायचा कसा, हे एकालाही ठाऊक नव्हते; सुटे भाग मिळाले नाहीत. अखेर मुकुट कुंचल्यानेच रंगवला. त्या वर्गणीतले काही रुपये अशा मित्रांनी दिले होते, की ज्यांचे आईवडील तेव्हा उसाच्या फडात कोयता चालवत होते. ती हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून यंदा वस्तू निवडण्यापूर्वी आमच्या सरांनी आम्हांला एक चरित्र वाचायला सांगितले. तेच येथे थोडक्यात मांडतो.

दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. त्याच मुलखातल्या कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. घराणे कारागिराचे. लाकूड, धातू, माती यांच्याशी हाताची ओळख लहानपणीच झालेली. चित्रकला आणि शिल्पकला ते कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. पाहून आणि करून शिकले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव मेस्त्री हे त्यांचे सोबतीही होते आणि गुरूही. या दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला घेतले आणि १९१० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात त्यांचे नाव गाजले. लोक मेस्त्री हे आडनाव विसरले. उरले ते पेंटर.

नाटकाचा पडदा रंगवणे हे दिवाणखान्यातले चित्र काढण्याहून वेगळे काम. कापड प्रचंड, प्रेक्षक दूर, आणि उजेड दिव्यांचा. जवळून ओबडधोबड वाटणारा फटकारा शेवटच्या रांगेतून महालाची कमान वाटला पाहिजे. जवळ उभे राहून काम करायचे आणि लांबून पारखायचे, ही सवय बाबूरावांना या पडद्यांनी लावली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोन भावांचे चित्त पडद्यावरून उडून रुपेरी पडद्यावर जडले. त्यांनी चित्रपट दाखवण्याचे यंत्र मिळवले, खेळ केले. पण दाखवण्यापेक्षा बनवण्याची ओढ मोठी होती. त्यासाठी कॅमेरा हवा. तो परदेशातून यायचा, किंमत आवाक्याबाहेरची, आणि त्यात पहिले महायुद्ध पेटलेले. तेव्हा आनंदरावांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला. दुर्दैव असे, की १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्ध्यावर राहिले.

दुसरा कोणी असता तर अर्धवट यंत्र फडक्यात बांधून माळ्यावर टाकले असते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि १९१८ साली कॅमेरा पुरा केला. फिल्म एकेक चौकट पुढे सरकली पाहिजे, प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर राहिली पाहिजे, सरकताना तिच्यावर उजेड पडता कामा नये : हे सगळे त्यांनी चाके, दाते आणि पात्यांतून साधले. कोल्हापूरच्या एका पडदे रंगवणाऱ्याने हे केले, याचे नवल आजही ओसरत नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. कथा कीचकवधाचीच. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की त्यावर आक्षेप आला व तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. स्त्रियांनी चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई त्या काळात कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी दोन स्त्रिया या चित्रपटात उभ्या राहिल्या, हेही विसरता येत नाही.

ज्यांची कीर्ती रंगवलेल्या पडद्यांवर उभी होती, त्या बाबूरावांनी चित्रपटात रंगवलेला पडदा मात्र मागे टाकला. कॅमेऱ्याला सपाट कापड सपाटच दिसते, हे त्यांनी ओळखले आणि खोली असलेले, भरीव नेपथ्य उभारले. पात्रांचे पोशाख व दृश्ये ते आधी कागदावर रेखाटून घेत. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे आणि निळा पांढरट. म्हणजे वस्तूला डोळ्यांना शोभणारा रंग देऊन भागत नसे. फिल्मवर तो काय होईल याचा हिशेब आधी करावा लागे. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. चित्रपटांची जाहिरात-चित्रे स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’चे (१९२४) भित्तिचित्र हे आपल्याकडील आरंभीच्या सचित्र भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते.

पण आपल्या जिल्ह्यातील वाचकाने मनाशी धरावा असा त्यांचा चित्रपट म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि त्याला गाव सोडून शहरात गिरणीची वाट धरावी लागते. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवदेवतांच्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी तो फारसा उचलून धरला नाही. पण काळोखात बुडालेली झोपडी आणि तोंड वर करून रडणारे कुत्रे पाहिलेल्यांच्या मनातून गेले नाही. कर्जापायी घराला कुलूप लावून बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे बीडच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांच्या तालमीत वाढलेले सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूची कंपनी पुढे टिकली नाही. बोलपटाच्या काळात बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे मोजकेच चित्रपट केले आणि ते पुन्हा कुंचल्याकडे व मातीकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेली माणसे देशभर गाजली. स्वतःच्या वाट्याला आलेली कीर्ती मात्र कामाच्या मानाने थोडीच.

हे वाचून आम्ही पुन्हा एअरब्रशकडे वळलो. हे हत्यारही जुने आहे. अमेरिकेत १८७९ साली ॲब्नर पीलर याने त्याचा आरंभ केला आणि १८९० नंतर चार्ल्स बर्डिक याने त्याला आजच्या जवळचे रूप दिले. हवेच्या झोताने रंगाचे तुषार उडवायचे, एवढेच त्याचे तत्त्व. एका प्रकारात खटका दाबला की हवा व रंग एकदम येतात. दुसऱ्यात दाबल्यावर हवा येते आणि मागे ओढल्यावर रंग. दुसरा हाताला बसायला वेळ लागतो, पण छाया मऊ उतरते. वर वाटी असलेला थोड्या रंगात बारीक कामाला बरा. खाली बाटली असलेला खांबांसारख्या मोठ्या कामाला. तोंड ०.२ मिलिमीटरचे असेल तर नाजूक रेघा निघतात, पण सोनेरी रंगाचे कण त्यात अडकतात. आम्ही गेल्या वर्षी तेच घेतले होते! गदा-मुकुटाला ०.५ मिलिमीटरचे तोंड हवे, आणि रंग दुधाइतका पातळ करून गाळून घ्यायला हवा.

हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर घेण्याऐवजी आम्ही नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांना विचारले. त्यांनी संध्याकाळी यंत्र वापरू द्यायचे कबूल केले. टायरची हवा फार जोराची, शिवाय तिच्यात पाणी व तेल असते. म्हणून मध्ये दाब वीस पौंडांच्या आसपास आणणारी चावी आणि पाणी-तेल अडवणारी गाळणी बसवायची. वाचलेल्या पैशांतून जादा सुई, जादा तोंड आणि नाकावर बांधायचे मास्क घ्यायचे.

आणि एक नियम केला. जो एअरब्रश पूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा जोडून दाखवील, त्यानेच तो हाती घ्यावा. बाबूरावांनी आपल्या कॅमेऱ्याचा दाता न् दाता स्वतः बसवला होता. आम्हांला निदान एक सुई तरी काढता-घालता यावी. फडातून आलेल्या वर्गणीचा मान राखायचा, तर एवढे केलेच पाहिजे.