अमिल्कार काब्राल : शेतीशास्त्रज्ञ ते मुक्तिसेनानी



दरवर्षी १९ डिसेंबरला आपण शाळेत गोवा मुक्तिदिन साजरा करतो. झेंडावंदन होते, भाषणे होतात, हुतात्म्यांना आदरांजली वाहिली जाते. परंतु ज्या पोर्तुगीज सत्तेखाली आपले पूर्वज साडेचारशे वर्षे राहिले, तिच्याच अमलाखाली आफ्रिकेतही अनेक देश होते आणि तेथील लोक आपल्यानंतरही तेरा-चौदा वर्षे लढत होते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. त्या लढ्यातील एका मोठ्या नेत्याची ओळख आज करून घेऊ. त्यांचे नाव अमिल्कार काब्राल.

काब्राल यांचा जन्म १२ सप्टेंबर १९२४ रोजी पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज गिनीमध्ये, बाफाता या गावी झाला. हाच देश आज गिनी-बिसाव म्हणून ओळखला जातो. त्यांचे आई-वडील मूळचे केप व्हर्दे या बेटांवरचे. ही बेटे अटलांटिक महासागरात, गिनीपासून शेकडो मैल दूर आहेत. वडील शिक्षक होते. अमिल्कार लहान असतानाच कुटुंब केप व्हर्देला परतले. आई शिवणकाम करी, मासळीच्या कारखान्यात मजुरी करी आणि मुलांना शिकवी. मिंदेलो शहरातील विद्यालयात अमिल्कार हुशार विद्यार्थी म्हणून नावाजले गेले.

त्याच काळात केप व्हर्देमध्ये भीषण दुष्काळ पडला. १९४० च्या दशकात पाऊस पुन्हा पुन्हा हुकला आणि हजारो माणसे अन्नावाचून मेली. सरकारने वेळेवर धान्य आणले असते तर त्यांतील कितीतरी जीव वाचले असते. शाळकरी वयात पाहिलेले हे दृश्य अमिल्कारच्या मनातून कधी गेले नाही. १९४५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते लिस्बनला गेले, तेव्हा त्यांनी शिक्षणासाठी शेतीशास्त्र निवडले.

लिस्बनमध्ये त्यांना अंगोलाचे आगुश्तिन्यो नेतो आणि मारियो द आंद्राद यांच्यासारखे मित्र भेटले. ही सगळी मुले राज्यकर्त्यांच्या भाषेत आणि राज्यकर्त्यांच्या शाळांत वाढलेली होती. आपल्या देशाचा इतिहास आपल्याला कुणी शिकवलाच नाही, ही जाणीव त्यांना परक्या शहरात झाली. मग एकत्र बसून त्यांनी आफ्रिकेचा अभ्यास सुरू केला. पुढे यांतील बरेचजण आपापल्या देशांच्या मुक्तिलढ्याचे पुढारी झाले.

१९५२ मध्ये काब्राल कृषी अधिकारी म्हणून गिनीत परतले. सरकारने त्यांच्याकडे शेतीची गणना करण्याचे काम सोपवले. १९५३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मारिया हेलेना यांनी त्यासाठी देश पालथा घातला. त्याही शेतीतज्ज्ञच होत्या. कोण काय पिकवतो, किती पिकवतो, जमीन कशी आहे, कुठे भुईमूग लावायला लावल्यामुळे घरचा भात कमी पडतो, याची नोंद काब्राल करीत गेले. बालांता जमातीचे शेतकरी खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून भातशेती करीत. आपल्या खाजन शेतीची आठवण व्हावी अशीच ती पद्धत. नोकरी सरकारची होती, पण या फिरण्यामुळे काब्रालना आपला देश जसा कळला तसा तो राज्यकर्त्यांनाही कळला नव्हता. कोणती जमात कुठे राहते, तिचे दुःख काय, गावात कुणाचा शब्द चालतो, हे सारे त्यांना ठाऊक झाले.

त्यांच्या राजकीय हालचाली लक्षात येताच १९५५ मध्ये गव्हर्नरने त्यांना गिनी सोडायला लावले. मग ते अंगोलात काम करू लागले. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये बिसाव येथे मोजक्या साथींसह त्यांनी गुप्तपणे पक्ष स्थापन केला. गिनी आणि केप व्हर्दे या दोन्ही प्रदेशांचे एकत्र स्वातंत्र्य हे त्याचे ध्येय होते. पीएआयजीसी या नावाने हा पक्ष ओळखला जातो. सुरुवातीला सारा भर शहरातील कामगारांवर होता. पण ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसावच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला आणि सुमारे पन्नास जण ठार झाले. त्यानंतर काब्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्ग बदलला. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांना जागे केल्याशिवाय स्वातंत्र्य नाही, असे त्यांनी ठरवले.

शेजारचा फ्रेंच गिनी १९५८ मध्येच स्वतंत्र झाला होता. त्याच्या राजधानीत, कोनाक्रीत, काब्राल यांनी तरुणांचे प्रशिक्षण सुरू केले. गावात शिरताना म्हाताऱ्या माणसांना नमस्कार कसा करायचा, त्यांचे म्हणणे आधी कसे ऐकून घ्यायचे, याची तालीमच ते घेत. एकाने गावचा वडीलधारी व्हायचे, दुसऱ्याने कार्यकर्ता, आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मोठमोठ्या घोषणांनी शेतकरी हलत नाही. त्याच्या शेताचे, कराचे, मुलांच्या आजाराचे बोलले तरच तो ऐकतो, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

याच सुमारास आपल्या गोव्याशी त्यांच्या लढ्याचा धागा जुळतो. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. तिच्यात गोव्याचेही प्रतिनिधी होते. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे पत्रकार आफ्रिकेच्या त्या लढ्यातील जवळचे साथी ठरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मात्र त्यापासून काही न शिकता लिस्बनच्या सालाझार सरकारने आफ्रिकेवरची पकड अधिकच आवळली.

जानेवारी १९६३ मध्ये गिनीत सशस्त्र लढा सुरू झाला. वर्षभरातच एक वेगळे संकट उभे राहिले. हाती बंदूक आल्यावर काही तुकड्यांचे प्रमुख गावकऱ्यांवर अत्याचार करू लागले आणि स्वतःला त्या भागाचे राजे समजू लागले. फेब्रुवारी १९६४ मध्ये कासाका येथे जंगलात सभा घेऊन काब्राल यांनी गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. दोषींवर कारवाई झाली आणि सैन्य पक्षाच्या नियंत्रणाखाली आणले गेले. चुका लपवू नयेत आणि न मिळवलेल्या विजयाच्या बढाया मारू नयेत, हा धडा ते सहकाऱ्यांना वारंवार देत.

मुक्त झालेल्या भागात त्यांनी शाळा, दवाखाने आणि लोकांची दुकाने उभी केली. दुकानांत भात देऊन कापड, मीठ, साबण मिळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी पक्षाच्या शाळा दीडशेच्या आसपास होत्या. बऱ्याच शाळा झाडांखाली भरत आणि विमाने आली की मुले खंदकात लपत. त्यांची पाठ्यपुस्तके स्वीडनमध्ये छापून येत. युद्ध चालू असताना शाळा कशाला, असा प्रश्न काब्रालना पडत नसे. लोकांचे रोजचे जगणे सुधारत नसेल तर लढ्याला अर्थ नाही, असे त्यांचे मत होते.

२० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत, घरासमोरच, त्यांची हत्या झाली. गोळी झाडणारा इनोसेन्सियो कानी हा त्यांच्याच पक्षातला होता. गिनीचे लोक आणि केप व्हर्देचे लोक यांच्यातील जुना दुरावा या कटात कामी आला. केप व्हर्देच्या लोकांना पोर्तुगीजांनी थोडे शिक्षण आणि नोकऱ्या दिल्या होत्या. गिनीतील कारकून अन् अधिकारीही अनेकदा तेच असत. राज्यकर्त्यांनी पेरलेली ही फूट काब्राल आयुष्यभर बुजवीत होते. मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९७३ रोजी, बोएच्या रानात गिनी-बिसावचे स्वातंत्र्य घोषित झाले. न जिंकता येणाऱ्या या युद्धाला पोर्तुगालचे तरुण लष्करी अधिकारीच कंटाळले आणि २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांनी लिस्बनची हुकूमशाही उलथवली. सप्टेंबर १९७४ मध्ये नव्या सरकारने गिनी-बिसावला मान्यता दिली. केप व्हर्दे ५ जुलै १९७५ रोजी स्वतंत्र झाला. गोव्याचे भारतातील विलीनीकरण पोर्तुगालने मान्य केले तेही याच नव्या सरकारच्या काळात, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. म्हणजे त्या कागदावरील सहीमागे आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या लढ्याचाही वाटा आहे.

पुढची हकीकत मात्र सुखाची नाही, आणि ती टाळून चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीजांच्या बाजूने लढलेल्या अनेक आफ्रिकी सैनिकांना ठार मारण्यात आले. काब्राल यांचे सावत्र बंधू लुईस हे गिनी-बिसावचे पहिले अध्यक्ष झाले. १९८० मध्ये लढ्यातीलच एक सेनानी जुआंव बेर्नार्दो व्हिएरा यांनी त्यांना पदच्युत केले आणि दोन देशांच्या ऐक्याचे स्वप्न तेथेच संपले. १९९८-९९ मध्ये यादवी झाली. २००९ मध्ये खुद्द व्हिएरांची सैनिकांनी हत्या केली. ज्या बंदुकीला काब्राल यांनी कासाकाच्या जंगलात लगाम घातला, ती स्वातंत्र्यानंतर मोकाट सुटली.

शाळांचेही असेच झाले. पोर्तुगीज ही विज्ञानाची भाषा म्हणून ठेवावी, असे काब्रालना वाटे. पण सर्वसामान्य लोक क्रिओल बोलत आणि स्वातंत्र्यानंतर शाळा पोर्तुगीजमध्येच चालल्या. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांच्या सल्ल्याने झालेली प्रौढ साक्षरता मोहीमही परक्या भाषेमुळे फारशी फळली नाही. माध्यमाचा प्रश्न आपल्या गोव्यालाही नवा नाही, तेव्हा पालकांना हे लगेच उमगेल.

केप व्हर्देने दुसरा रस्ता धरला. तेथेही सुरुवातीला एकाच पक्षाचे राज्य होते, पण १९९१ मध्ये खुली निवडणूक झाली, लढ्यातून आलेला पक्ष हरला आणि त्याने शांतपणे सत्ता सोडली. खनिज नाही, पाऊस नाही, तरी २००७ मध्ये हा देश अतिगरीब राष्ट्रांच्या यादीतून बाहेर पडला.

एकच नेता, एकच पक्ष आणि एकच लढा, तरी दोन देशांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या. परके राज्यकर्ते गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती राहते आणि हरल्यावर ती सोडण्याची तयारी असते का, यावर पुष्कळ काही ठरते. काब्रालना याची जाणीव होती, म्हणूनच ते लढताना शाळा काढत होते आणि स्वतःच्या माणसांच्या चुका उघड मांडत होते.

२० जानेवारी हा दिवस दोन्ही देशांत वीरांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मित्रांनो, येत्या मुक्तिदिनी आपल्या गावच्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे घेताना या शेतीशास्त्रज्ञाचीही आठवण ठेवा. आणि घरी आजी-आजोबांना एक प्रश्न जरूर विचारा : १९६१ नंतर आपल्या गावात पहिली शाळा कोणती निघाली आणि ती कुणी काढली? उत्तर लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. चांगली उत्तरे पुढच्या अंकात छापू.