हिरवेपणाच्या मुळाशी : डॉ. कमला सोहोनी

मृगाच्या सरी बरसल्या की भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे टाकले जातात. मातीआडचा पांढुरका कोंब उजेडात येताच हिरवा होतो, कारण हरितद्रव्य घडण्याची अखेरची एक पायरी धानात प्रकाशाविना ओलांडली जात नाही. उजेडात राहिलेला बटाटाही याच द्रव्यामुळे हिरवा पडतो. पण अंधारातल्या, रंगहीन बटाट्याचे श्वसन कसे चालते? या प्रश्नाचा माग एका मराठी विदुषीने केंब्रिजमध्ये घेतला.

कमला भागवत यांचे घराणे रसायनशास्त्राचे. वडील नारायणराव आणि काका माधवराव बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले; थोरली बहीण दुर्गाबाई पुढे मराठी साहित्यात नावारूपाला आली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल ठरूनही कमलाबाईंना त्याच संस्थेने प्रवेश नाकारला. संचालक होते नोबेल विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाईंनी थेट बंगळुरू गाठून सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले आणि मुलींसाठी संस्थेची दारे उघडली.

केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांचा सहवास लाभला. पानातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांपासून प्रकाशात प्राणवायू मिळतो, हे हिल त्याच सुमारास दाखवत होते. कमलाबाईंनी श्वसनाची बाजू घेतली. हरितद्रव्य आणि श्वसनातील सायटोक्रोम ही जणू चुलत भावंडे! रेणूचे कडे एकाच घडणीचे. मध्यभागी एकात मॅग्नेशियम, दुसऱ्यात लोह. सायटोक्रोमला प्राणवायूशी जोडणारे विकर सपुष्प वनस्पतींतही असते, हे हिल व कमलाबाईंनी १९३९ मध्ये मांडले. सायटोक्रोमचा शोधच त्यांनी लावला, असे सर्रास छापले जाते. ते खरे नाही; डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्येच त्याचे वर्णन केले होते. कमलाबाईंचे काम त्यामुळे उणे ठरत नाही. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

मायदेशी दिल्ली व कुन्नूर येथे काम करून १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनाला राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र उशिरानेच त्यांच्या वाट्याला आले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीतून अन्नभेसळीविरुद्ध लेखणी चालवली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.